पांढरी घे, स्पृहा

—नाही गं, तिकडून नको, तिथे तेल सांडलंय, इकडून ये, बाकाच्या कडेने. आणि ती नंबरप्लेट ठेव ना खाली, काखेत धरून कशाला उभी आहेस परीक्षेला आल्यासारखी. पाच दिवसांची तात्पुरतीच मिळाली ना? गेनाऊ, बरोबर, पाच दिवस पुष्कळ झाले. आज कुणाला कामावर जायचं नाही, काल सुट्टी, उद्या शनिवार, मधला हा ब्रुकेनटाग — आख्खं झिंडेलफिंगेन झोपलंय बघ. गाडीच्या तपासणीचा टेर्मिन साडेदहाला, मी परवाच फोन करून पक्का केलाय, बारापर्यंत तू मोकळी, मग ऑटोबान धरलीस की दोनपर्यंत हायडेलबर्ग. तू बोल जर्मनमध्ये, मला चालतं, तीस वर्षं झाली इथे, कळतं सगळं. मी मात्र मराठीतच बोलणार. ह्या शेडमध्ये तुझ्या बाबाशी मी दुसऱ्या भाषेत कधी बोललो नाही. तर काय म्हणत होतो — हां. पांढरी. तुझा मेल आला तेव्हापासून विचार करतोय, आणि माझं स्पष्ट मत आहे, तू पांढरी घे.

काय? हो, हिरवी चालते. न चालायला काय झालं? पोलिसांनी परत दिली तेव्हा पुढचा उजवा कोपरा पार चेपलेला होता, दोन हिवाळे घालवले मी तिच्यावर, सांगाडा सरळ केला, नवा पत्रा ठोकला, चाकाचा नवीन हब बसवला. उत्तम चालते. पण चालणं वेगळं आणि ती तुला देणं वेगळं. पद्माकर तिच्यात गेला, अडीच वर्षं झाली, आणि तू नेमकी तीच मागतेस — सरिताला सांगितलंस? आईला सांगितलंस का, की कुठली गाडी आणायला चालली आहेस? नाही ना. मला वाटलंच. ती बिचारी उंटरश्लाइसहाइमला भावाजवळ राहायला गेली ती ह्या शेडकडे पुन्हा बघायला नको म्हणूनच. कागदावर म्हणशील तर दोन्ही गाड्या दोघांच्या नावावर आहेत, एक त्याच्या घरची, एक माझ्या घरची, पण कुठली कुणाची हे आम्ही कधी लिहिलं नाही. म्हणजे पांढरीही तितकीच त्याची. ती तू ने. हिरवी राहू दे माझ्याकडे.

आल्झो, नीट समजावून सांगतो, तू काही इंजिनियर नाहीस. दोन्ही ऑस्ट्रेलियातल्या, दोन्ही साठच्या दशकातल्या, दोन्हींना पक्ष्यांची नावं — ही हिरवी करावाँग, ती पांढरी ब्रोल्गा — आणि ज्यांनी बनवल्या त्यांचे कारखाने म्हणजे मेलबर्नच्या बाहेरच्या पत्र्याच्या दोन शेड. शंभर गाड्याही केल्या नसतील त्यांनी. तिकडे युरोपातून शर्यतीची गाडी यायची म्हणजे सहा-सहा महिने बोटीची वाट बघायची, मग त्या पोरांनी आपल्या आपण बनवल्या. मिळेल ते लहानसं इंजिन घेतलं आणि गाडीतून काढता येईल ते सगळं काढून टाकलं. हलकी गाडी, स्पृहा, ही गोष्ट वेगळीच असते. प्लांटमध्ये आम्ही दोघं आयुष्यभर दोन-दोन टनांच्या गाड्यांच्या दारांचं काम करत बसलो, नुसतं दार ह्या हिरवीच्या निम्म्या सांगाड्याइतकं जड. श्वार्त्सवाल्डमधल्या एका म्हाताऱ्याने ह्या दोन्ही तिकडून आणल्या होत्या, तो गेल्यावर त्याच्या बायकोने जाहिरात दिली, पद्माकरने ती वाचली आणि मला म्हणाला, नागेश, स्टिअरिंग उजवीकडे आहे. बस, एवढंच म्हणाला. पुण्यात शिकलेल्या हाताला काय वाटतं ते तुला नाही कळायचं, तू इथेच शिकलीस. वीस वर्षांनी उजवीकडे बसलो तेव्हा मी रडलो होतो, आणि तो माझ्यावर हसला होता.

पण एक गोष्ट असते, उजवीकडे बसलं की इथल्या रस्त्यावर पुढचं दिसत नाही. समोर ट्रक असला की ओव्हरटेक करायला डावीकडच्या माणसाचे डोळे लागतात. तो बघतो आणि सांगतो — मोकळं, जा, किंवा थांब. आम्ही कधी एकटे निघालो नाही. तो चालवायचा तेव्हा मी डावीकडे, मी चालवायचो तेव्हा तो. मी ‘जा’ म्हटलं की तो मान न वळवता गाडी बाहेर काढायचा, इतका विश्वास. तू आज एकटी जाणार आहेस, तेवढं लक्षात ठेव, उजव्या लेनमध्ये राहा, ट्रकच्या मागे राहिलीस तर काही बिघडत नाही.

हां, फरक. हिरवीचं अंग ॲल्युमिनियमचं, हाताने ठोकलेलं, अंगठा दाबलास तर खळगा पडेल. चारशे वीस किलो. छत नाही, दारं नाहीत, काच वीतभर. पांढरी फायबरची, पाचशे सत्तर किलो, हिला छत आहे, दारं आहेत, दप्तर ठेवायला जागासुद्धा आहे. हिरवी शर्यतीला जायला बनवली आणि पांढरी शर्यतीला जाऊन बायकोला घेऊन घरी परत यायला. हसलीस. तुझा बाबाही हसायचा, पण तो मला हसायचा. आता इथे वाक, चाक बघ. हिरवीला मधोमध एकच मोठा नट. तो फिरवला की चाक हातात. शर्यतीत पटकन बदलता यावं म्हणून. पांढरीला चार लहान नट, साधे, आपल्या घरच्या गाडीसारखे. माझ्या दृष्टीने सगळा फरक ह्यातच आला. चारातला एखादा सैल पडला तर बाकीचे तीन सांभाळून घेतात, गाडी कुरकुरते, स्टिअरिंग थरथरतं, तुला सांगते की बाई थांब, काहीतरी बिघडलंय. हिरवी सांगत नाही. तिचा एक नट आहे तोवर ती देवाच्या पालखीसारखी चालते, आणि नसला की नसला. पद्माकर तसाच होता. एकदा ठरवलं की ठरवलं, मध्ये काही नाही. त्याला ती शोभायची, आणि मला ही.

ह्या खुणा? हां, विचारलंस ते बरं केलंस, तेच दाखवणार होतो. प्रत्येक नटावर रंगाची रेघ आहे बघ, नटावरून खाली चाकावर आलेली. पिवळी रेघ ज्याने नट आवळला त्याची. लाल रेघ ज्याने तपासला त्याची. प्लांटमध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं, चार डोळ्यांचा नियम — एकाने करायचं, दुसऱ्याने तपासायचं, स्वतःचं काम स्वतः तपासलं तर ते तपासलंच नाही. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. इथे आम्ही आणखी एक नियम केला, आपल्या गाडीचे नट आपण आवळायचे आणि तपासायचे दुसऱ्याने. म्हणजे हिरवीवर पिवळी त्याची, लाल माझी. पांढरीवर पिवळी माझी, लाल त्याची. आपल्या मराठी मंडळातल्या लोकांना तो कौतुकाने दाखवायचा, सांगायचा, हे बघा, नागेशच्या सहीशिवाय मी शेडबाहेर पडत नाही. आता हिरवीकडे बघ. पिवळीच आहे ना नुसती? मी आवळला, पण तपासणार कोण? एकटा माणूस चार डोळे कुठून आणणार? म्हणून म्हणतो ती नको. आणि हिच्यावर बघ — पिवळी, लाल, पिवळी, लाल, चारी चाकांवर. तुझ्या बाबाच्या हातच्या रेघा आहेत ह्या. शेवटच्या. अडीच वर्षांत बॅटरी बदलली, पेट्रोल बदललं, ब्रेकचं तेल बदललं, पण चाकं मी मुद्दाम काढली नाहीत. काढली असती तर रेघा मोडल्या असत्या, आणि त्या पुन्हा कोण मारणार होतं? तू ह्या रेघांवर बसून जा, स्पृहा. त्याच्या सहीने जा.

केव्हाच्या म्हणजे? सांगितलं ना, शेवटच्या. खंडेनवमीच्या. हो, तो गेला त्याच्या आदल्या दिवशीच्या. मग गाडी इथेच आहे, हललेली नाही, त्यामुळे काही — तू असं का बघतेस? प्रभाकाकूचा फोन? माझ्या बायकोने तुला केला होता? कधी? पुण्याहून केला? काय म्हणाली ती?

अस्सं. रडत होती. मीच रेंच अडवला म्हणाली. हे बघ, तिचं मनावर घेऊ नकोस. तिने काही अडवलं नाही. म्हणजे घडलं ते असं — तू तेव्हा हायडेलबर्गला नवीनच गेली होतीस, तुला कुणी धड सांगितलं नसेल. दसरा त्या वर्षी मधल्याच वारी आला होता, पण आपलं मंडळ सगळं शनिवार-रविवारी करतं, देवांनाही इथे वीकएंडलाच सवड. तर शनिवारी खंडेनवमी धरली, रविवारी दसरा. शनिवारी आम्ही दोन्ही गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांना ग्रीस भरून चाकं परत चढवत होतो, नट हाताने बसवलेले, आता टॉर्क रेंच लावायचा — हा, भिंतीवरचा, लांब दांड्याचा, ठरलेला जोर लागला की टक् वाजतो तो — तेवढ्यात प्रभाने हाक मारली. त्या कोपऱ्यात तिने पाट मांडला होता, हत्यारांची पूजा, आणि लोक यायला लागले होते. पाने, हातोड्या, रेंच, सगळं आम्ही नेऊन दिलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू कुठला इथे, शेवंती वाहिली. आणि एकदा पूजलेली हत्यारं दुसऱ्या दिवशीपर्यंत उचलायची नाहीत, हे आपल्याकडे असतंच. म्हणून नट तसेच राहिले. रात्रभर राहणार, सकाळी पूजा उतरली की टॉर्क करू, आणि मग सीमोल्लंघन. गावाची ती पिवळी पाटी ओलांडून यायचं एवढंच, पलीकडचं वळण घेऊन परत, दोन किलोमीटरसुद्धा नाही. सकाळी गडबड झाली, माणसं जमली, राहून गेलं. प्रभाला वाटतं तिच्या पूजेमुळे राहिलं. बायका घेतात मनाला लावून.

नाही, ती नाही म्हणाली नव्हती. उलट सकाळी तीच म्हणाली, अहो, तुमचं काम अर्धं राहिलं असेल तर घ्या की रेंच, देव काही रागवायचे नाहीत, मी नमस्कार करून देते उचलून. असंच म्हणाली. माझ्या कानात आहे अजून. मी म्हटलं, असू दे, संध्याकाळी घेऊ. तिला ते आठवत नाही. अपघातानंतर माणसाला आपलं चांगलं काही आठवत नाही, वाईटच आठवतं, तिने मनात उलटं धरून ठेवलंय की मी मागितला आणि तिने दिला नाही. मी काही — म्हणजे मी तसं कधी म्हणालो नाही, तिने ते धरलं आणि मी सोडवलं नाही. दसऱ्याची पूजा बंद केली तिने. सहा महिने झाले पुण्याला जाऊन, बहिणीकडे आहे, परत यायचं नाव काढत नाही. फोनवर मी विचारतो जेवलीस का, ती म्हणते हो. एवढंच बोलणं.

थांब, तुझा प्रश्न कळला मला. पुन्हा विचारू नकोस. रेंच पाटावर होता तर रेघा कशा मारल्या. ... फोटोसाठी, स्पृहा. हसू नकोस — नाही, तू हसत नाहीयेस. शनिवारी संध्याकाळी मंडळी फोटो काढणार होती, गाड्या, पूजा, सगळे नटूनथटून, आणि निम्मे इंजिनियर त्यांच्यात. रेघा नसलेले नट बोडके दिसतात. पद्माकर म्हणाला, मारून ठेवू रे, उद्या टॉर्क केल्यावर पुसून पुन्हा मारू. मीही म्हटलं हो. मी त्याच्या चाकाशी बसलो आणि लाल रेघ ओढली. नट मी हातानेसुद्धा चाचपला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा न तपासता सही केली, आणि ती कुठे तर त्याच्या चाकावर. लोकांनी फोटो काढले. त्याच फोटोवरून तज्ज्ञाने नंतर लिहिलं की दोन्ही खुणा आहेत, काम नियमानुसार झालेलं दिसतं, तेव्हा साठ वर्षांचा आटा जुना होऊन गेला असावा. पोलिसांनी मला विचारलं, तुम्ही तपासला होता का? मी जा म्हटलं. जर्मनमधलं जा, नुसतं हो. एक अक्षर. आईला तोच कागद आला ना? ‘जुना धातू’. हो. तो शब्द माझा आहे असं समज.

मग सकाळी आठवलं नाही का? आठवलं. आठवलं गं. तुला खोटं सांगून मला काय मिळणार आहे आता? तो हिरवीत बसला, डोक्याला फेटा, गळ्यात शेवंतीचा हार, पोरं ओरडतायत, आणि मी त्याच्या चाकाकडे बघितलं आणि मला स्पष्ट दिसलं की हा नट टॉर्क केलेला नाही. त्याला विसर पडला होता. मला नव्हता. त्याने डावीकडच्या सीटवर हात आपटला, ये, बस. मी म्हटलं, तू हो पुढे, मी माझी घेऊन मागून येतो. का म्हटलं मी तसं? — आदल्या आठवड्यात भोंडल्याला, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, नागेशची गाडी म्हणजे फायबरची बादली, आंघोळीला बरी. सगळे हसले. प्रभाही हसली. लहान गोष्ट. तो टीमचा प्रमुख झाला आणि मी त्याच्या हाताखाली राहिलो तेव्हाही मी काही बोललो नव्हतो, पण ती बादली माझ्या घशात अडकली होती. मला वाटलं, जाऊ दे त्याला. चाक हलेल, खडखड करेल, घाबरून पाटीपाशी थांबेल, मग मी माझी बादली घेऊन जाईन आणि सगळ्यांसमोर विचारेन, काय साहेब, टॉर्क विसरलात? बस, एवढंच. मेला तर बघू, असं नव्हतं माझ्या मनात. देवाशपथ नव्हतं. त्याची फजिती व्हावी, एवढंच होतं. आणि मला हेही माहीत होतं की हिरवी खडखड करत नाही. मघाशी तुला मीच सांगितलं ना, हिरवी सांगत नाही. ते मला तेव्हाही माहीत होतं.

पाटी ओलांडताना त्याने हात वर केला, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या गाडीत बसून किल्ली लावत होतो तेव्हा आवाज आला. वळणावरून. चाक गाडीच्या आधी शेतात पोहोचलं होतं, कणसं काढलेल्या मक्यात, एकटंच गोल गोल फिरत होतं. मी धावत गेलो तर पहिलं ते चाक दिसलं मला, आणि मी त्याच्याकडे बघत उभा राहिलो, पद्माकरकडे जायच्या आधी. किती वेळ ते विचारू नकोस. सरिता माझ्या पुढून धावत गेली तेव्हा मी हललो.

आता झालं, बोलून झालं. मी हे कुणाला सांगणार नव्हतो, प्रभालाही नाही, पण तू एकेक विचारत जातेस आणि माणूस बोलत जातो. जे करायचं ते कर, पोलिसांना सांग, आईला सांग, मी नाही म्हणणार नाही. पण आज त्या गडबडीत पडू नकोस, टेर्मिन चुकेल. ही घे किल्ली. सीट पुढे घेतली आहे मी तुझ्यासाठी, चोक थोडा ओढून ठेव, पहिले दोन किलोमीटर ती — काय करतेस? रेंच कशाला काढलास? अगं जड आहे तो, खांद्याला लागेल. पोलिसांनी तो त्याच दिवशी पाटावरून उचलून नेला होता, हळदकुंकवासकट, पिशवीत घालून, आठ महिन्यांनी परत दिला. मी टांगून ठेवला. तेव्हापासून फक्त हिरवीलाच लावलाय. पांढरीला काय करायचंय लावून? तिच्यावर दोन्ही रेघा आहेत, सांगितलं ना.

बरं, लाव. लाव बाई, तुझं समाधान होऊ दे. पद्माकरचीच मुलगी. इथला आकडा नव्वदवर ने, हां, असा. पुढच्या उजव्या चाकाला लाव, दोन्ही हातांनी धर, हळू दाब, झटका द्यायचा नाही. नट जागचा हलणार नाही, नुसता टक् वाजेल, तो वाजला की सोड. पद्माकरने माझ्या गाडीवर खोटी रेघ कधी मारली नाही. तो दुसऱ्याच्या गाडीबाबत फार काटेकोर, स्वतःच्याच बाबतीत — दाब. दाब ना.

वाजला नाही? किती फिरला? अगं, असं कसं फिरेल, तू उलटा — नाही, बरोबर धरलायस. पुन्हा दाब. अजून फिरतोय? ... दुसरा बघ. तिसरा. ते बघ, रेघ कशी तुटली, पिवळी एकीकडे, लाल एकीकडे. चौथा राहू दे. राहू दे म्हणतो. बोटाने फिरतोय तो, मला इथून दिसतंय.

आम्ही दोघं एकाच वेळी बसलो होतो ना. मी त्याच्या चाकाशी, तो माझ्या चाकाशी. लाल रंगाचा एकच डबा होता, तो मध्ये ठेवला होता. मी म्हटलं झालं का, तो म्हणाला झालं. अडीच वर्षं मी त्याची रेघ सांभाळत बसलो, रोज फडक्याने पुसायचो भोवतीचं, रेघेला धक्का न लावता, आणि त्याच्या मनात कुणाची फजिती करायची नव्हती तरी त्याने तेच केलं होतं जे मी केलं. आणि मी तुला ह्याच्यात बसवून ऑटोबानवर पाठवत होतो. पद्माकरच्या मुलीला. सीट पुढे घेऊन ठेवली. मला माहीत नव्हतं, स्पृहा. तू बघ माझ्याकडे — मला माहीत नव्हतं. मघाशी मीच तुला सांगत होतो की कुठलाच नट टॉर्क झाला नव्हता, दोन्ही गाड्यांचा, माझ्याच तोंडाने, आणि त्याच तोंडाने म्हणत होतो पांढरी घे. मग मला माहीत होतं की नव्हतं? मला खरंच कळत नाही. त्या दिवशीही मला वाटलं होतं मला माहीत नाही.

किल्ली दे इकडे. नाही, माझ्याकडे पण नको, तुझ्याजवळच ठेव, खिशात घाल. कुणाला फोन लावतेस? आईला? लाव. पण बाहेर जाऊन लाव, दोन्ही गाड्यांपासून लांब उभी राहा. बस पाऊण तासाने आहे, त्या पाटीपर्यंत चालत जा. माझ्याशी बोलत बसू नकोस आता, माझ्या सांगण्यावर कुठे बसूही नकोस, कशातही. जा. जा म्हणतोय ना.